दोरीच्या आतली हिरवळ

२ सप्टेंबर, मंगळवार

लॉनवर गाड्या! जागा वाया जाते म्हणे. सेक्रेटरी दारात उभे राहून सांगत होते आणि नजर माझ्या पायपुसण्यावर.

"ठराव बेकरीवाल्यांचा आहे, बाई. मी नुसता वाचून दाखवणार."

बेकरीवाले पाचव्या, अगदी शेवटच्या मजल्यावर राहतात. रात्रभर भट्टीवर, सकाळी व्हॅन घेऊन घरी. तोवर रस्त्याच्या दोन्ही कडा भरलेल्या. रोज बघते मी — इमारतीभोवती घिरट्या घालत असतात. गैरसोय आहे, कबूल. म्हणून काय आमच्या खिडकीखाली?

लॉन आमच्या झोपायच्या खोलीला लागून. खिडकीशी ह्यांचा पलंग. रंगाच्या कारखान्यात उभा जन्म नोकरी केली आणि छाती तिथेच ठेवून घरी आले. आता उताणं झोपवत नाही, खिडकी लावली की जीव घाबरा होतो. आतल्या खोलीत उजेडच येत नाही तर वारा कुठला! आणि इथे सकाळी सकाळी डझनभर इंजिनं घरघरणार, धूर सोडणार.

हे सगळं तोंडाशी आलं होतं. पण एवढंच म्हटलं, "मुलं खेळतात तिथे. म्हातारी माणसं बसतात."

"पण गवत कुठाय, बाई? खराट्याचे बुडखे राहिलेत नुसते. बघून कुणाला माया येईल?"

५ ऑक्टोबरला सभा. घरटी एक मत.

३ सप्टेंबर

ह्यांनी शब्द घेतला. "माझ्या छातीचं भांडवल करायचं नाही. सभेत नाही, जिन्यात नाही."

"मग काय सांगू लोकांना? गाड्यांचा रंग आवडत नाही?"

"काहीही सांग. लोक दारात येऊन च् च् करायला लागले, की मी आतल्या खोलीत जाऊन झोपेन. सांगून ठेवतो."

करतीलसुद्धा. दिला शब्द. रागाने दिला, पण दिला.

४ सप्टेंबर

सकाळी चहा घेऊन लॉनवर गेले आणि नीट बघितलं. सेक्रेटरी खोटं बोलले नाहीत. मधोमध मुलांच्या पायांनी सिमेंटसारखी झालेली जमीन. कडेने गवत आहे, पण विरळ — टक्कल पडायला लागलेल्या माणसाने भांग पाडावा तसं. बोट घालून पाहिलं, खाली सुकलेल्या काड्यांचं जाळं. पाणी मुळापर्यंत पोचतच नसणार.

वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी केली त्याला जमाना लोटला. त्यानंतर मुलींच्या वसतिगृहाची वॉर्डन, म्हणजे पानाफुलांशी संबंध संपला. पण एवढं आठवतं — जुनं गवत उपटायचं नाही. त्याच्या फटींत नवं बी पेरायचं. जुन्याने सावली धरायची, नव्याने दाटी करायची. वेळ थोडा आहे, पण होईल.

हिरवंगार लॉन समोर दिसलं की त्यावर गाडी घालायला हात कोण वर करतो ते बघते!

५ सप्टेंबर

बी आणलं. दुकानदार म्हणाला, "आजी, नातवंडांसाठी?" म्हटलं, मतांसाठी.

६ सप्टेंबर, शनिवार

अंग असं दुखतंय की पेन धरवत नाही.

गवत आधी अगदी बुडापर्यंत कापलं. यंत्र सोसायटीचंच, गंजलेलं — ढकलता ढकलता खांदे उतरले. मग दाताळ्याने ते सुकं जाळं ओरबाडून काढलं. काढावं तेवढं निघतंच! फाटकाशी ढीग झाला. मग सळई घेऊन वीत वीत अंतरावर भोकं पाडली, जमिनीला श्वास मिळावा म्हणून.

काम झाल्यावर लॉन आधीच्या दसपट भिकार दिसायला लागलं. तसंच दिसतं या टप्प्यावर. पण हे लोकांना कोण सांगणार! नेमके बेकरीवाले आले. हातात पावाची पिशवी, चेहऱ्यावर रात्रभराचं पीठ.

"वा, काकू! पार्किंगची तयारी तुम्हीच करून दिलीत. आता फक्त फरशा टाकायच्या."

"फरशा डोक्यात टाकीन," म्हटलं.

हसले. पिशवीतून एक गरम पाव काढून खिडकीतून ह्यांना दिला. ह्यांनी घेतला! खाल्लासुद्धा! वर मला म्हणतात, "माणूस वाईट नाही गं."

मी कधी म्हटलं वाईट आहे? समोरच्या बाजूला आहे, एवढं पुरे.

७ सप्टेंबर, रविवार

पेरलं. बी कोरड्या वाळूत कालवून घेतलं, म्हणजे मुठीतून सारखं सुटतं. अर्धं उभं फेकलं, अर्धं आडवं. गव्हाच्या चाळणीने माती चाळून वर भुरभुरवली, बी जेमतेम झाकेल इतकीच. मग फळी ठेवून तिच्यावर चालत चालत सगळं दाबलं. ह्यांना खिडकीत बसून करमणूक.

"वॉर्डनबाई, रात्री हजेरी घेणार का बियांची?"

"घेईन. आणि तुम्हीसुद्धा आत पाय ठेवायचा नाही."

"मी?"

"सगळ्यांनीच."

सभोवती काठ्या रोवून दोरी बांधली. पुठ्ठ्यावर लिहिलं — आत येऊ नये. खाली सही. वसतिगृहात माझी सही बघितली की दिवे आपोआप मालवायचे.

मुली दोरीपाशी येऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवालीच्या जुळ्या पुढे, बाकीची पिल्लावळ मागे. "आजी, आम्ही कुठे खेळू?"

"गच्ची आहे की मोठी."

गेल्या. काम झालं.

९ सप्टेंबर

चिमण्या! काठीला जुन्या चकचकीत पट्ट्या बांधल्या. अर्धा दिवस घाबरल्या, मग पट्ट्यांवरच बसायला लागल्या.

११ सप्टेंबर

काही नाही. काळी जमीन. दिवसातून तीन-चारदा झारीने पाणी, नुसता ओलावा राहील असं. डोळे फुटेस्तोवर बघते. काही नाही.

१२ सप्टेंबर

आज माझा तोल गेला.

बाजारातून यायला उशीर झाला. ऊन चढलेलं. ह्यांना काळजी, बी सुकेल. स्वयंपाकघरातल्या नळाला रबरी पाइप लावला, खिडकीतून बाहेर काढला आणि अंगठ्याने तोंड दाबून धार सोडली! मी आले तर खिडकीखालची माती वाहून गेलेली आणि बी सगळं कडेच्या गटाराशी गोळा झालेलं.

ओरडले. शेजारी ऐकू जाईल इतकं ओरडले. "काही करू नका म्हटलं होतं ना! बसून राहायचं, तेवढं एक काम जमत नाही?"

हे पाइप गुंडाळायला वाकले आणि खोकल्याची उबळ आली. थांबेचना. पाठ चोळली, पंप दिला. ओठ निळसर झाले होते.

शांत झाल्यावर म्हणाले, "बसूनच तर असतो. आधी लॉनवर बसायचो, आता पलंगावर."

वाटीने बी परत गोळा केलं. पुन्हा पेरलं. जीव थाऱ्यावर नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

आलं!!

गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून बघितलं तरच दिसतं. हिरवी लव. न्हाऊ घातलेल्या बाळाच्या डोक्यावर असते तशी. ह्यांना हाक मारली. खिडकीतून वाकून वाकून बघितलं, काही दिसलं नाही, तरी म्हणाले, "वा! दाट आहे!"

१८ सप्टेंबर

आता उभ्याने दिसतं. गटाराकडची बाजू मागे आहे, पण येतेय. सेक्रेटरी आले. "बाई, चमत्कार केलात. वर गच्चीत मात्र दिवसभर दणदणाट असतो हो पोरांचा."

"असू दे. खाली नको."

"तसं नव्हे, तुम्ही एकदा..."

"सभेनंतर बोलू," म्हटलं.

२१ सप्टेंबर, रविवार

गच्चीवरून चेंडू पडला, थेट कोवळ्या गवतात. वरून एक डोकं डोकावलं, मला बघून आत गेलं. चेंडू उचलून घरी आणून ठेवला. शिस्त म्हणजे शिस्त.

संध्याकाळी शिवणवाली आली. गळ्यात मापाची टेप, केसात दोऱ्याचा तुकडा.

"मावशी, चेंडू द्या. पोरी यायला घाबरतात तुम्हाला."

"घाबरू दे. दहा वर्षांच्या झाल्या, समज यायला हवी."

"बरं." चेंडू घेतला. निघाली नाही. "मावशी, एक सांगू? घाबरलेलं माणूस तुमच्या बाजूने हात वर करत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे माझं अजून ठरलेलं नाही. माझ्या पोरींना गच्ची सापडली. गिऱ्हाइकांच्या गाड्या लावायला खाली जागा मिळाली तर मला बरीच. लॉन आमचं कुठे राहिलंय? तुमचंच झालं ते."

दार लावून घेतलं. ही! हिच्यासाठी मी वीजमंडळात भांडायला गेले होते. हिला मी आपल्याच बाजूची धरून चालले होते.

२२ सप्टेंबर

ह्यांना सांगितलं नाही. त्यांनीच विचारलं, "शिवणवाली काय म्हणत होती?" भिंती पातळ.

"काही नाही. चेंडू."

"हं," म्हणाले. ते 'हं' दिवसभर कानात.

२५ सप्टेंबर

घरोघर फिरले. आधीच फिरायला हवं होतं.

पहिला मजला: "लॉन? हो, छान झालंय हो. लांबूनच बघतो." दुसरा मजला, रोज संध्याकाळी बसणारे आजोबा: "मी हल्ली कोपऱ्यावरच्या बाकावर जातो. तिथे बरी गंमत असते, रहदारी दिसते." त्यांच्या सूनबाई आतून: "आणि तिथे कुणी उठवत नाही!" चौथा मजला: "बघू. मुलाने नवी गाडी घेतलीय ना."

कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं! कुणाला काही पडलेलंच नाही.

पाचव्या मजल्यावर मुद्दाम गेले. समोरासमोर बोलून टाकू. दुपारचे अडीच. खूप वेळाने बेकरीवाल्यांनी दार उघडलं. डोळे सुजून लाल, केस उभे.

"काकू, आत्ता कुठे डोळा लागला होता," म्हणाले, आणि दार लावलं. हळूच लावलं, पण लावलं.

एवढा राग! मग आता सरळ लढाईच.

२८ सप्टेंबर, रविवार

पहिली कापणी. यंत्राची पाती वर ठेवून, फक्त शेंडे. काय दिसतंय म्हणून सांगू! एकसारखं, दाट, फिकट हिरवं. जुनं कोणतं, नवं कोणतं, मलासुद्धा कळेना. हात फिरवला तर ओला मखमली स्पर्श.

एवढं सुंदर, आणि फाटकातून आत येणारं एकही माणूस थांबून बघत नाही.

३० सप्टेंबर

आज ह्यांनी विषय काढलाच.

"अगं, मतं किती जमली?"

"नाही जमली."

"दोरी सोड."

"वेड लागलंय? मुळं अजून बोटभरसुद्धा गेली नाहीत. आणखी एक कापणी व्हायला हवी, मग पाय. आत्ता ही पोरं दोन दिवस नाचली तर मुळासकट उपटून येईल सगळं."

"येईल."

"मग? महिनाभर राबले ते कशाला?"

"तेच विचारतोय. गवतासाठी राबलीस की जागेसाठी?"

भाजी चिरायला घेतली. चिरता चिरता लक्षात आलं, डोळ्यांतून पाणी येतंय. कांदा नव्हता, दोडका होता.

१ ऑक्टोबर

दोरी तशीच ठेवली तर सभेच्या दिवशी लॉन देखणं, आणि सगळे हात गाड्यांच्या बाजूला. सोडली तर लॉन जाणार, आणि हात वर होतील याचीही खात्री नाही. दोन्हीकडून मरण.

तिसरा रस्ता आहे. शब्द मोडायचा. सभेत उठून सांगायचं, हे माणूस खिडकीशिवाय जगत नाही. सगळे मऊ होतील. आणि हे आतल्या खोलीत जाऊन पडतील, माझ्याशी बोलणार नाहीत. धूर न येताच खिडकी गेली म्हणायची.

२ ऑक्टोबर

ठरत नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सोडली.

सकाळी उठून गाठी सोडल्या. ओल्या होऊन करकचल्या होत्या, शेवटची दाताने सोडली. काठ्या उपटल्या, पुठ्ठा फाडला. जिन्यात उभी राहून वर हाक दिली, "लॉन उघडलंय! खेळायला या!"

कुणी आलं नाही.

दुपारी शाळा सुटल्यावर जुळ्या फाटकातून आल्या. थांबल्या. "आजी, खरंच?"

"खरंच."

"ओरडणार नाही ना?"

"नाही."

एकमेकींकडे बघितलं आणि जिन्याने वर पळाल्या. थोड्या वेळाने गच्चीत धावण्याचे आवाज.

मी एकटी, हिरव्यागार लॉनच्या कडेला. वसतिगृहात मला बघून कोपऱ्यात चिडीचूप होणाऱ्या मुली आठवल्या. तेव्हा बरं वाटायचं.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी चटई घेतली, भाजीची टोपली घेतली, आणि ह्यांना म्हटलं, चला. दोघं मधोमध जाऊन बसलो. पहिलं पाऊल टाकताना पायाखाली पाती चिरडल्याचं स्पष्ट कळत होतं. ह्यांनी चप्पल काढली, तळवे गवतावर टेकले, डोळे मिटले. "अरे वा," एवढंच म्हणाले. अर्ध्या तासात एकदाही खोकले नाहीत.

शिवणवाली खिडकीतून बघत होती. जरा वेळाने हातशिलाईचं काम घेऊन खाली आली. "मावशी, सरका." मग तिच्या पोरी. मग चेंडू. मग अख्खी गच्ची खाली! दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा आले, "कोण जिंकतंय?" सेक्रेटरी पायजम्यात. पोरं धावत होती, पडत होती, वळताना टाच रोवत होती, आणि प्रत्येक टाचेला कोवळ्या गवताचा एक झुबका हवेत. मी मुठी आवळून बसले. एकदा तोंड उघडलं होतं. ह्यांनी गुडघा दाबला. मिटलं.

अंधार पडेपर्यंत चाललं. दुपारभर वर गच्चीत कुणीही नव्हतं.

५ ऑक्टोबर, रविवार

मधोमध चिखल. कडेला थोडं राहिलंय, तेही झोपलेलं. पेरणीआधी होतं त्याहून वाईट. सकाळी मोठाले झुबके वेचून पुन्हा मातीत दाबून बघितले. लागणार नाहीत. मला माहीत आहे.

आज पोरं खाली आलीच नाहीत. अंग दुखतंय म्हणे सगळ्यांचं!

संध्याकाळी सहाला सभा. बोटांवर मोजलं. शिवणवाली नक्की. आजोबा बहुतेक. बाकी कोण जाणे. चौथ्या मजल्याची नवी गाडी. बेकरीवाले जिन्यात भेटले, तर नजर चुकवून गेले. हातात कागद होता, भाषण लिहून आणलंय वाटतं.

हरायला लागलो तर मी उठणार. शब्द मोडणार. ह्यांना आत्ताच सांगितलं. लपवून मोडायचा नव्हता.

ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "तुझं तू बघ."

पावणेसहा. साडी बदलली. जाते.

६ ऑक्टोबर, सोमवार

मत पडलंच नाही. बेकरीवाले उठले, कागद न उघडताच म्हणाले, "ठराव मागे घेतो. महिनाभर माझ्या डोक्यावर घोडे दौडतायत. दिवसा झोपणारा माणूस मी, करपायला लागलेत पाव माझे! शनिवारी पोरं खाली होती. सकाळी पडलो तो संध्याकाळी उठलो, घर कुठलं तेच कळेना. खाली गाड्या लावल्या तर ही फौज जन्मभर माझ्या छपरावर. व्हॅन मी लांब लावीन. पोरं खाली ठेवा." सगळे हसत सुटले. मला उभंही राहावं लागलं नाही. ह्यांच्याबद्दल एक अक्षर बोलावं लागलं नाही. घरी येऊन सांगितलं तर भिंतीकडचं तोंड इकडे वळलं.

आज सकाळी बेकरीवाल्यांनी जिन्यात गाठलं. "काकू, परत पेरणार ना? अर्धं अर्धं पेरा. सगळीकडे दोरी नका बांधू. हात जोडतो."

म्हटलं, "बघू."